वाटणाऱ्याच्या डावीकडची खुर्ची

आजच्या सभेचे अध्यक्षमहाराज, क्लबाचे मावळते अध्यक्ष आणि आजचे सत्कारमूर्ती वडनेर भोलजीचे रावसाहेब उत्तमराव, मिलन क्लबचे चिटणीस आणि माझे जुने स्नेही वकील नारायणराव, उद्यापासून क्लबाची धुरा ज्यांच्या खांद्यावर येणार ते निवृत्तीराव, मलकापूर-खामगावहून मुद्दाम आलेले पाहुणे, सभासद बंधू, आणि चिकाच्या पडद्यामागे रावसाहेबांच्या सौभाग्यवती सरस्वतीबाईसाहेबांसोबत बसलेल्या आयाबहिणींनो,

आपणा सर्वांना या रहेमतुल्ला जीनवाल्याचा आदाब आणि नमस्कार.

परवा नारायणराव माझ्या जीनच्या कारखान्यावर आले. कापसाच्या गाड्या उतरत होत्या, धूळ उडत होती, तरी बिचारे उपरणं तोंडाला लावून उभे राहिले. म्हणाले, "शेठ, रावसाहेब चिरंजीवांकडे नागपुरास कायमचे चालले. निरोपाला क्लबातला जुना माणूस बोलला पाहिजे. चार शब्द बोला. गोड बोला." चार शब्दांचं मी कबूल केलं. गोडीचं कबूल केलं नाही. ते चहा पिऊन समाधानानं निघून गेले. एवढे मोठे वकील, पण समोरचा कशाला हो म्हणाला आणि कशाला नाही, हे त्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही.

रावसाहेबांचे गुण मला ठाऊक नाहीत असं कोणी समजू नये. इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसं पटापट मरत होती, तेव्हा रावसाहेबांच्या बैलगाड्या गावोगाव औषध घेऊन फिरल्या. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. या क्लबापुढची कडुनिंबाची झाडं त्यांनी लावली. गावात कोणाची मयत असो, रावसाहेब दारात आले नाहीत असं कधी झालं नाही. हे सगळं खरं आहे, आणि पुढचे वक्ते ते माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत सांगतील. मला बोलायचं आहे ते रविवारच्या दुपारींबद्दल.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडं समजावून सांगतो. आमच्या क्लबात दर रविवारी दुपारी पोकर खेळतात. मोठी लढाई संपल्यावर रेल्वेचे एक इंजिनियर इथं राहायला होते, त्यांनी हा पत्त्यांचा खेळ आणला. पैसा लावायचा नाही असा रावसाहेबांचा सक्त हुकूम, म्हणून चिंचोके लावतात. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांना सारखे चिंचोके मिळतात. ज्याचे संपले त्यानं महिना सरेपर्यंत भिंतीकडच्या बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहायचा. चिंचोके म्हणून हसू नका. त्या बाकावरच्या माणसाला चहासुद्धा सगळ्यांच्या मागून मिळतो.

प्रत्येकाला पाच पानं वाटतात. वाटणाऱ्याच्या डावीकडे जो बसतो तो पहिला बोलतो. खेळायचं असेल तर चिंचोके पुढे सरकवतो, याला आम्ही बसणं म्हणतो; नसेल तर पानं उलटी टाकतो, म्हणजे डावातून उठतो. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पुढचा, असं फिरत फिरत वाटणाऱ्याच्या उजव्या हातापर्यंत येतं. जे टिकले ते नको असलेली पानं देऊन नवी घेतात आणि पुन्हा त्याच क्रमानं बोलतात. शेवटी ज्याचा हात मोठा त्याचे सगळे चिंचोके. किंवा बाकीचे भिऊन उठले, तर जो एकटा उरला त्याचे. मग त्याच्या हातात काही असो वा नसो. त्याला कोणी विचारत नाही.

आता पाहुणे मंडळी, तुम्हीच सांगा. पहिला बोलणारा काय पाहून बोलतो? स्वतःची पाच पानं. त्याच्या पाठीमागे सहा माणसं बसली आहेत आणि कोणाच्या हातात काय आहे, याचा त्याला पत्ता नाही. आणि शेवटचा? त्याच्यापुढे सहाही जण बोलून मोकळे झालेले असतात. कोण भ्यालं, कोण फुशारला, कोणी तीन पानं बदलली, कोणी एकच बदललं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. तीन बदलणाऱ्याकडे नुसती जोडी असते, हे लहान मुलालाही कळेल. म्हणून पहिल्या खुर्चीतल्यानं राण्यांची जोडी आली तरी टाकावी, आणि शेवटच्या खुर्चीतल्यानं, पुढचे सगळे उठले असतील तर, सत्त्यांच्या जोडीवरही बेलाशक बसावं. पान तेच असतं हो. पण कुठं बसून हातात आलं, त्यावर त्याची किंमत ठरते.

आमच्या क्लबात सात खुर्च्या आहेत. पत्ते नेहमी नारायणराव वाटतात. ते खेळत नाहीत. म्हणतात, मी चिटणीस, मी सगळ्यांचा. नारायणरावांची जागा पक्की, त्यामुळे सगळ्यांचीच जागा पक्की. त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीकडे पाठ करून, सातव्या खुर्चीत रावसाहेब. त्यांच्या अलीकडे सहाव्यात त्यांचे भाचे निवृत्तीराव. मधे सरकारी नोकरीतली माणसं, बदलीनुसार येणारी जाणारी. दुसऱ्या खुर्चीत तेलाचे व्यापारी गुणवंतराव. आणि डाव्या हाताला, पहिल्या खुर्चीत, आपला सेवक.

नवा सभासद पहिल्या खुर्चीत बसेल आणि जुने एकेक खुर्ची वर सरकतील, असा क्लबाचा रिवाज मला सांगितला होता. मी आल्यावर एक सब-रजिस्ट्रार आले. नारायणराव म्हणाले, "सरकारी माणूस, त्याले तुमच्या खाली कसं बसवायचं?" मी म्हटलं, हाव, बरोबर. मग एक डॉक्टर आले. मग निवृत्तीराव आले, ते तर घरचेच. असं करत मी या क्लबातला जुना माणूस झालो आणि खुर्ची पहिलीच राहिली.

सुरुवातीला माझे चिंचोके महिन्याच्या मध्यावरच संपायचे. मला वाटायचं, माझं डोकं या खेळाचं नाही. भिंतीकडच्या बाकावर बसून मी खेळ पाहायचो, आणि पाहता पाहता माझं लक्ष पानांवरून खुर्च्यांवर गेलं. डॉक्टर चौथ्या खुर्चीत मार खायचे. एकदा निवृत्तीराव आजारी होते, डॉक्टर सहाव्यात बसले, आणि महिनाभर त्यांच्यापुढे ढीग. डॉक्टर म्हणाले, नशीब फिरलं. मी घरी गेलो आणि सलीमाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, नशीब नाही फिरलं, डॉक्टर फिरला.

त्यानंतर मी खेळ बदलला. एक्क्यांची जोडी किंवा दोन जोड्या आल्या तर बसायचं, नाहीतर पानं टाकायची आणि गुडगुडी ओढायची. माझे चिंचोके महिनाभर पुरू लागले. जास्त कधी झाले नाहीत, पण बाकावर बसणं बंद झालं. त्या खुर्चीत याहून अधिक कोणाला जमणार नाही असं मला आजही वाटतं.

सलीमानं विचारलं, "मंग दुसऱ्या खुर्चीवर काऊन नाही बसत?"

"खुर्च्या ठरलेल्या आहेत."

"कोनं ठरवल्या?"

"रिवाज आहे."

"तुमचा रिवाज असा कसा, का रावसाहेबालेच सोयीचा पडते?"

मी तिला गप्प बसवलं. बायकांना क्लबातलं काय कळतं, असं काहीतरी म्हणालो असेन.

इकडे रावसाहेबांची ख्याती वाढत होती. जिल्ह्यात कुठंही जा, उत्तमरावांसारखा पोकर खेळणारा वऱ्हाडात नाही असं लोक सांगायचे. रावसाहेबांना स्वतःलाही तसं वाटायचं, आणि त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. ते नव्या माणसाला खेळायला बसवायचे, त्याचे दोन-चार डाव पाहायचे आणि सांगायचे, हा कसा माणूस आहे. "पत्त्यात माणूस नागवा होतो," हे त्यांचे शब्द. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या आहेत. आणि सज्जनहो, ते नुसतं बोलणं नव्हतं. मानद मॅजिस्ट्रेटची जागा रिकामी झाली की कोणाला घ्यावं, हे वरचे साहेब रावसाहेबांना विचारत. रावसाहेब रविवारच्या टेबलाकडे पाहून उत्तर देत.

ती जागा मला हवी होती. लपवत नाही. का हवी होती, हे मात्र मी आजवर इथं कोणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील हबीब पिंजारी. आज माझ्याकडे वाफेवर चालणारा जीन आहे, पण अब्बा खांद्यावर पिंजणाचं धनुष्य टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे. एका गावी, त्या गावाचं नाव घेत नाही, रस्त्याच्या कडेला कापूस पिंजताना पुंजके उडाले आणि एका अंमलदाराचा घोडा बिचकला. अब्बांना कचेरीत नेलं. दिवसभर उन्हात, चपला हातात धरून उभं केलं. आत बोलावलं तेव्हा कोणी काय वाचलं, काय विचारलं, त्यांना काही उमजलं नाही. ते प्रत्येक गोष्टीला "हाव साहेब, हाव साहेब" म्हणत गेले. बाहेर आल्यावर एका शिपायानं सांगितलं की तू मुद्दाम घोडा बिथरवलास, हे तू कबूल केलंस. दंडापायी त्यांचं धनुष्य गेलं.

अब्बा मला म्हणायचे, "बेटा, दंडाचं काही नाही. पण तिथं बसलेल्यातल्या एकानं तरी इचारायचं होतं, का बाबा, तुले समजलं का?"

तेवढ्यासाठी मला त्या जागेवर बसायचं होतं. एवढं एक वाक्य विचारायला.

जागा रिकामी झाली. गावात माझ्या नावाची चर्चा सुरू झाली, चार भले लोक साहेबांकडे बोलले. अब्बा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, मी घरात शिरलो की विचारायचे, "आलं का नाव?" मी म्हणायचो, येईल.

एका रविवारी खेळ संपल्यावर रावसाहेबांनी मला थांबवून घेतलं. स्वतःच्या हातानं चहाचा कप पुढे केला. म्हणाले, "रहेमतुल्लाशेठ, तुमच्यापासून काही लपवायचं नाही. तुमचं नाव निघालं होतं. मीच थांबवलं."

मी विचारलं, "काही गुन्हा झाला का माझ्याकडून?"

"छे, छे! माणूस तुम्ही लाखातले. पण काळीज चिमणीचं. मी वर्षानुवर्षं पाहतो ना तुम्हाला. पानं आली की टाकली, आली की टाकली. न्याय द्यायला छाती लागते हो. उद्या दोन पठ्ठे समोर उभे राहिले तर तिथंही पानं टाकाल. आमच्या निवृत्तीकडे पाहा, काही हातात नसलं तरी बसतो. वाईट वाटून घेऊ नका."

निवृत्तीराव, तुम्ही खाली पाहू नका. तुमची त्यात काही चूक नव्हती. तुम्ही सहाव्या खुर्चीत बसला होता, आणि तुमच्यानंतर बोलणारा फक्त तुमचा मामा होता. त्या जागी मीही बसलो असतो. पण त्या दिवशी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मेहेरबानी." चहा प्यालो आणि घरी आलो.

अब्बांनी विचारलं, "आलं का नाव?"

मी टोपी काढून खुंटीला लावली. सलीमा त्यांचे पाय चेपत होती. ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आलं ना अब्बा. कवाच आलं. तुमाले सांगायलेच आले ते."

म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोणास ठाऊक. उठून बसले. म्हणाले, "त्याची ती काळी शेरवानी काढ. ते खुर्ची इकडं आण." सलीमानं मला शेरवानी घातली आणि खाटेसमोर खुर्चीवर बसवलं. अब्बा भिंतीला धरून उभे राहिले. आम्ही नको नको म्हणत होतो. त्यांनी वाकून खाटेखालच्या चपला उचलल्या, हातात धरल्या आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "इचारा."

मी विचारलं, "बाबा, तुमच्यावर काय आरोप आहे, तुम्हाला समजलं का?"

"नाही समजलं, साहेब," अब्बा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी "हाव" म्हटलं नाही. आणि मग लहान पोरासारखे हसायला लागले. हसता हसता खाटेवर टेकले. चपला हातातच होत्या.

त्याच आठवड्यात ते गेले. मातीला रावसाहेब आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठे धीराचे होते तुमचे वडील. तुमच्यात ते कसं उतरलं नाही, नवल आहे." रावसाहेब, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही ते मायेनंच बोललात. म्हणूनच ते माझ्या अंगातून अजून गेलेलं नाही.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी क्लबात आलो आणि उभ्यानंच म्हणालो, "रावसाहेब, एक मागणं आहे. एक रविवार तुम्ही माझ्या खुर्चीत बसा, मला तुमच्या खुर्चीत बसू द्या."

गुणवंतराव फिसकन हसले. नारायणरावांच्या हातात पत्त्यांची गड्डी तशीच राहिली. रावसाहेब मात्र दिलखुलास हसले. "हाव, बसा ना! खुर्चीत काय आहे? पानं तर नारायणरावच वाटणार." आणि उठून माझ्या जागी येऊन बसले.

खिडकीकडे पाठ करून मी पहिल्यांदा त्या टेबलाकडे पाहिलं. सज्जनहो, किती स्वच्छ दिसतं तिथून! सगळ्यांचे चेहरे उजेडात, आपला अंधारात. इतकी वर्षं मी त्या खेळाला अवघड म्हणत होतो.

रावसाहेबांना पहिल्याच डावात दहिल्यांची जोडी आली असावी. सवयीनं चिंचोके पुढे केले. पण आता त्यांच्या मागे सहा जण होते. डॉक्टर बसले, निवृत्तीराव बसले, आणि शेवटी निवृत्तीरावांच्या राण्या निघाल्या. रावसाहेबांचे चिंचोके भाच्याकडे गेले. दुसऱ्या डावात तसंच. तिसऱ्यात ते जरा चिडून म्हणाले, "आज सगळ्यांनाच पानं कशी येऊन राह्यली?" पानं सगळ्यांना रोजच येत होती. सातव्या खुर्चीतून कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडायचं हे आधी दिसायचं, एवढंच.

मी काय करत होतो? पुढचे सगळे उठले की पंज्यांच्या जोडीवर बसत होतो. कोणी जोरात असेल तर राण्यासुद्धा टाकत होतो. माझ्यापुढे ढीग वाढत चालला. डॉक्टर म्हणाले, "शेठ आज भलतेच सुटले!"

मग तो डाव आला. रावसाहेबांनी पहिल्या खुर्चीतून चिंचोके लावले. मधल्यांनी पानं टाकली. मी बसलो. नारायणरावांनी विचारलं, किती बदलायची? रावसाहेबांनी तीन बदलली. म्हणजे नुसती जोडी. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मला एकही नको." म्हणजे माझा हात पुरा आहे, पाचही पानं जुळलेली आहेत, असा त्याचा अर्थ. रावसाहेबांनी थोडे चिंचोके पुढे केले. मी माझा सगळा ढीग टेबलाच्या मध्यावर लोटला.

रावसाहेब माझा चेहरा वाचायला लागले. त्यांच्या तोंडावर उजेड होता. कपाळाला घाम आलेला मला स्पष्ट दिसला. शेवटी त्यांनी पानं टाकली. "दोन राजे होते," ते म्हणाले. "पण तुमच्यासारखा माणूस एवढं लावतो म्हणजे..."

मी माझी पानं उलटून दाखवली. त्यात जोडीसुद्धा नव्हती.

"असं कोणी खेळतं का?" रावसाहेब म्हणाले. "हातात काही नसताना?"

"या खुर्चीत असंच खेळतात, रावसाहेब," मी म्हणालो. "मी इतकी वर्षं समोरून पाहिलंय."

रावसाहेबांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. पुढच्या रविवारी आलो तर मी पहिल्या खुर्चीत, ते सातव्यात. त्या दुपारीबद्दल या क्लबात पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. मला वेडी आशा होती की रावसाहेब कधीतरी एकटे गाठून म्हणतील, शेठ, माझ्या लक्षात आलं. दुसरं काही नको होतं मला. नुसतं "लक्षात आलं".

पुढे आणखी एक जागा रिकामी झाली. माझं नाव पुन्हा निघालं, पुन्हा मागे पडलं. नारायणराव, आपणच मला सांगितलंत, बरं का, मी कोणाची चोरून ऐकलेली गोष्ट सांगत नाही. साहेबांनी विचारल्यावर रावसाहेब म्हणाले, "रहेमतुल्ला हुशार आहे, पण जुगारी आहे. हातात काही नसताना सगळं लावून मोकळा होतो. असा बेदरकार माणूस न्यायाच्या जागेवर नको."

एका दुपारीत चिमणीचा जुगारी झाला. माणूस तोच होता, अध्यक्षमहाराज. भित्रा होता म्हणून नको, आणि धीट निघाला म्हणूनही नको. मग मी नक्की कसा असायला हवा होतो? या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ रात्री शोधलं. हल्ली शोधत नाही.

एक गोष्ट सांगतो आणि आवरतो. मागच्या हिवाळ्यात भुसावळच्या स्टेशनावर ते जुने इंजिनियर भेटले, ज्यांनी हा खेळ इथं आणला. जीनच्या रुळांच्या कामामुळे आमची ओळख होती. आता म्हातारे झालेत. विचारलं, "क्लब कैसा है? खेल चलता है?" मी म्हटलं, चलता है. "नारायणराव?" म्हटलं, अच्छे हैं, पत्ते बाँटते हैं. ते गोंधळले. "मतलब? उस दिन उनकी बारी थी?" मी म्हटलं, बारी कसली, नेहमी तेच वाटतात.

"अरे सेठ, बाँटनेवाला तो घूमता है! हर बाजी में अगला आदमी. मैंने खुद सिखाया था."

वाटणारा फिरतो. प्रत्येक डावाला पुढचा माणूस वाटतो, आणि त्याच्याबरोबर पहिली खुर्ची फिरते, शेवटची खुर्ची फिरते. आज जो आंधळा बोलतो तो थोड्या वेळानं सगळं पाहून बोलतो. खेळ असा होता. तो मी क्लबात येण्याच्या आधी बदलला.

मी परत येऊन थेट नारायणरावांकडे गेलो. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

नारायणरावांनी चष्मा पुसला. "माहीत होतं हो. आम्हा जुन्या सगळ्यांनाच होतं. पण रावसाहेबांची वाटायची पाळी आली असती, तर त्यांना पत्ते वाटायला लावणं बरं दिसलं असतं का?"

म्हणजे आदर होता तो. कोणी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. एका मोठ्या माणसाच्या हाताला पत्ते वाटायचा त्रास नको, एवढ्या आदरापोटी माझ्या अब्बांना खोटं ऐकून मरावं लागलं.

रावसाहेब, मी माफ करायला आलो नाही. माफी कोणी मागितलीही नाही. आपण आज नागपुरास निघाला आहात. तिथल्या क्लबात वाटणारा फिरत असेल. आपल्याला कधीतरी पहिलं बोलावं लागेल आणि लोक आपल्याला पाहून आपलं काळीज कसं आहे ते ठरवतील. ते चुकीचं ठरवोत, अशी मी इच्छा करत नाही. आपली तब्येत चांगली राहो, एवढीच दुआ.

या आठवड्यात मी नारायणरावांना विचारलं की येत्या रविवारपासून वाटणारा फिरता ठेवू या का. ते म्हणाले, नवे अध्यक्ष येऊ द्या, त्यांना विचारू. नवे अध्यक्ष निवृत्तीराव. ते आता सातव्या खुर्चीत बसतील. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "शेठ, मामांनी घालून दिलेलं एकदम कसं मोडायचं?" मला उत्तर मिळालं. मी आजपासून क्लबात येणार नाही.

गुणवंतराव, आपण मघापासून हसता आहात. हसा, पण एक ऐकून घ्या. मी नाही म्हणजे नारायणरावांच्या डाव्या हाताला आता आपण. पहिल्या महिन्यात एक्क्यांशिवाय कशाला हात लावू नका. राजे आले तरी टाका. लोक चिमणी म्हणतील. आणि घरी म्हातारं कोणी असेल, तर त्यांना कसल्या जागेची आशा लावू नका.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, मधे घंटी वाजवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पाहुण्यांचे आणि पडद्यामागच्या भगिनींचे आभार. सरस्वतीबाईसाहेबांना प्रवास सुखाचा होवो. माझं मराठी शाळेतलं आहे आणि बोलणं बाजारातलं, तेव्हा एखादा शब्द अदबीला सोडून गेला असेल तर तो पोटात घालावा. जे अदबीला धरून बोललो, ते मात्र लक्षात ठेवलंत तर बरं होईल.

खुदा हाफिज. नमस्कार.